गोणपाटाखालचा स्टार्टर

देवळ्याचे शेठ आजही एखाद्या लग्नात भेटले की चार माणसांदेखत माझ्या पाठीवर थाप मारतात आणि सांगतात, "याला धंदा मी शिकवला." मी हसतो. ताटात जिलेबी असते, भोवती पाहुणे असतात आणि शेजारी बसलेली बायको कोपराने ढोसत असते, म्हणून हसतो. पण ज्या दिवसांबद्दल शेठ बोलतात त्या दिवसांत त्यांनी मला काहीएक शिकवलं नाही. उलट माझी शेड बंद पाडायला निघाले होते. ती हकिगत निदान एकदा तरी सरळ सांगितली जावी म्हणून लिहायला बसलो आहे. बाकी माझी कोणाविषयी तक्रार नाही. धंदा चांगला झाला, गंगापूर रोडच्या मागे लहानसं घर झालं, रात्री झोप लागते. एवढी एक गोष्ट मात्र घशात अडकून आहे.

माझे वडील मखमलाबादच्या बाजूला झेंडू आणि शेवंती लावायचे. सकाळी फुलांच्या पाट्या घेऊन बाजारात बसायचं आणि ऊन चढायच्या आत विकून मोकळं व्हायचं. दुपार झाली की फुलांना किंमत नाही, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असायचं आणि आपल्यालाही. त्यामुळे घासाघीस करायची ती चेहऱ्यावर घाई न दाखवता. ही विद्या मी तिथे शिकलो, शेठच्या ओट्यावर नाही. पुढे आयटीआय केलं, सातपूरच्या एका कारखान्यात स्विच जोडायच्या कामाला लागलो आणि एका सुपरवायझरशी वाजलं म्हणून सोडलं. चूक त्याची होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सातपूरलाच एक शेड भाड्याने घेतली आणि शेतीच्या मोटरींचे स्टार्टर बनवायला लागलो.

ज्यांनी विहिरीवरची मोटर कधी चालू केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीजवळच्या भिंतीवर पत्र्याची एक पेटी टांगलेली असते, तिला एक हिरवं आणि एक लाल बटण. तो स्टार्टर. मोटर चालू-बंद करणं हे त्याचं दिसणारं काम. खरं काम आतल्या रिलेचं. त्यात धातूच्या पट्ट्या असतात, दोन वेगळे धातू पाठीला पाठ लावून जोडलेले. मोटर आपल्या ताकदीबाहेर करंट ओढायला लागली की त्या पट्ट्या तापतात, वाकतात आणि एक खटका पाडतात. मोटर बंद. आतलं वाइंडिंग जळायच्या आधी मोटरीला थांबवायचं, एवढ्यासाठी ती पट्टी. शेतकरी याला 'स्टार्टर पडला' म्हणतो.

आता तो कधी पडावा, याचं सरकारी मानक आहे. त्याची पुस्तिका मी आणली तेव्हा पहिली रात्र मला काही कळलं नाही, आणि कळलं तेव्हा फार आवडलं. ठरवलेल्या करंटपेक्षा पाच टक्के जास्त गेला तर रिलेने दोन तास पडायचं नाही. वीस टक्के जास्त गेला तर दोन तासांच्या आत पडायचंच. म्हणजे किरकोळ गोष्टीवर तडकायचं नाही आणि खरोखर डोक्यावरून पाणी जायला लागलं की सोडायचं नाही. माझ्या बायकोने हे ऐकलं आणि म्हणाली, "असलं एक पुस्तक तुमच्यासाठी निघायला हवं होतं. लग्नाआधी वाचून घेतलं असतं."

टेस्टिंगचं टेबल तिच्याकडेच होतं. ती मॅट्रिक झालेली, हात स्थिर, आणि माझ्यापेक्षा कितीतरी शांत. स्टार्टर टेबलाला जोडायचा, करंट लावायचा आणि पडायची वाट बघत बसायचं. नुसतं बसून राहणं तिच्या स्वभावात नाही. ती घरून भाजी आणायची आणि टेबलापाशी निवडायची. कुठला रिले कसा आहे हे ती मला भाजीत सांगायची. "हा मेथी संपायच्या आत पडला, जरा घट्ट आहे." "हा गवार मोडून झाली तरी उभाच आहे, बघा जरा." संध्याकाळी शेडमध्ये तांब्याच्या आणि रंगाच्या वासात मेथीचा वास मिसळलेला असायचा. ते दिवस सुखाचे होते, हे मला तेव्हाही कळत होतं.

मानकाचा मार्क मिळावा म्हणून आम्ही अर्ज केला होता. मार्क असेल तर मोठ्या दुकानांची दारं उघडणार होती. पण तोवर पोट भरत होतं ते देवळ्याच्या शेठवर. पाइप, मोटरी, केबल, सगळ्याचं त्यांचं मोठं दुकान. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा, सगळीकडचा शेतकरी तिथे यायचा. माझा बहुतेक माल तेच घ्यायचे. म्हणजे माझी मान त्यांच्या हातात होती आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं.

एका हिवाळ्यात त्यांचा निरोप आला, येऊन जा. उन्हाळ कांद्याची लागण नुकतीच आटोपली होती. मी एसटीने गेलो. दुकानाच्या ओट्यावर माझे स्टार्टर रचून ठेवलेले, सुतळीने बांधलेले.

"या साहेब," शेठ गादीवरून म्हणाले. "तुमच्या लेकी माहेरी निघाल्या. घेऊन जा."

"का? काय झालं?"

"नांदत नाहीत. बटण दाबलं की घटकाभर चालतात आणि पडतात. दुसऱ्यांचे बघा, पडायचं नाव नाही."

"जो पडत नाही तो स्टार्टर नव्हे, पेटी आहे. त्यात कांदे भरून ठेवा."

ओट्यावर बसलेली दोन-तीन माणसं हसली. शेठ हसले नाहीत. म्हणाले, "गिऱ्हाइकाला पेटी पाहिजे असेल तर मी पेटी विकीन. तुमच्या त्या रिलेचा स्क्रू ढिला करून पाठवा. नाहीतर हे उचला आणि पुढचा माल पाठवूच नका."

ढिला करायचा म्हणजे काय? मार्कासाठी तपासणीवाले कुठला नमुना उचलतील सांगता येत नव्हतं. ढिला रिले वेळेत पडणार नाही, तपासणीत नापास होणार, मार्क गेला. ढिला नाही केला तर शेठ गेले, आणि शेठ गेले तर तपासणीचे लोक येईपर्यंत शेडला टाळं लागलेलं असणार. माझं डोकं तडकलं. मी म्हणालो, "ज्या माणसाने परत केला त्याच्या विहिरीवर मला न्या. आत्ता."

"माणूस नाही, बाई आहे," शेठ म्हणाले. "तुम्हाला पुरून उरेल."

त्यांच्या फटफटीवर मागे बसून गेलो. गावाबाहेर थोड्या अंतरावर शेत. नवरा गेल्यापासून ती एकटीच सगळं बघायची. पंचावन्न-साठीची, काटक, डोक्यावर पदर, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. सगळे तिला आक्का म्हणायचे. बोलणं अर्धं मराठी, अर्धं अहिराणी.

"हाच का तो नाशिकवाला?" तिने मला न्याहाळलं. "माले वाटलं म्हातारा असेल. स्टार्टर तर म्हाताऱ्यावानी दम खातो."

"आक्का, तो दम खातो म्हणून मोटर वाचते."

"आणि मना कांदा कोण वाचवील? तू?"

भिंतीवर दुसऱ्याच कोणाचा स्टार्टर होता. झाकण उघडं. आत जो भाग खटक्याबरोबर सुटायला हवा, तिथे बाभळीची पाचर ठोकलेली. म्हणजे रिलेने कितीही जीव तोडला तरी मोटर थांबणार नव्हती. ही त्या बाजूची पद्धतच होती. नवा स्टार्टर आणायचा, नारळ फोडायचा आणि पाचर मारायची. फ्यूजच्या जागी जाड तार. मी पिशवीतून करंट मोजायचा चिमटा काढला आणि केबलला लावला. मोटरीच्या पाटीवर लिहिलेल्यापेक्षा करंट बराच जास्त. मोटरीवर हात ठेववत नव्हता.

"ही जळणार," मी म्हणालो.

"दरसाल जळते. दरसाल भरून आणते." मोटर भरणं म्हणजे जळलेलं वाइंडिंग काढून नवं घालणं. ती ते घर शाकारण्यासारखं बोलली.

मग तिने मला तिची बाजू ऐकवली. वीज दिवसातून थोडा वेळ यायची, तीही कमी दाबाची. ती पार पलीकडच्या बांधाला उभी राहून दारं धरायची, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायची. इकडे स्टार्टर पडला की तिला पाणी आटल्यावर कळायचं. मग सगळं शेत तुडवत यायचं आणि बटण दाबायचं. तो पुन्हा पडायचा.

"लगेच दाबू नका ना," मी म्हणालो आणि माझ्या स्टार्टरचं झाकण उघडून तिला पट्ट्या दाखवल्या. "ही तापते, वाकते, म्हणून पडतो. गार झाली की सरळ होते. मग दाबायचं."

तिने वाकून नीट पाहिलं. "म्हणजे ही तापली म्हणून पडतो?"

"बरोबर."

"हं," ती म्हणाली.

मी शेठकडे वळलो. येताना फटफटीवर मनात जुळवून ठेवलेलं बोललो. "शेठ, माझा स्टार्टर इथे लावतो. पाचर मारायची नाही. रिलेच्या स्क्रूला मी सील लावतो, ते तोडायचं नाही. या दोन अटी पाळून मोटर जळली तर भरायचा खर्च माझा."

शेठ म्हणाले, "स्टार्टरची गॅरंटी ऐकली आहे. मोटरीची कोण देतं?"

"मी देतो. हंगाम निघाला आणि मोटर शाबूत राहिली तर ओट्यावरचा सगळा माल तुम्ही परत आत घ्यायचा, आणि ढिला हा शब्द पुन्हा काढायचा नाही."

"आणि मोटर भरून येईस्तोवर पाणी कोण भरील?" आक्का म्हणाली. "तू बादलीनं?"

"तेवढ्यापुरती शेठ दुकानातली मोटर देतील."

"मी? मी का म्हणून?"

"मग मीच का म्हणून? गिऱ्हाईक तुमचं."

शेठ म्हणाले, जमणार नाही. मी चिमटा पिशवीत टाकला, आक्काला नमस्कार केला आणि बांधावरून रस्त्याकडे चालायला लागलो. न वळता. फुलबाजारात गिऱ्हाईक असंच करतं आणि आपण हाक मारतो. इथे गिऱ्हाईक मी होतो. रस्त्याकडेच्या चिंचेच्या झाडापर्यंत पोचलो तेव्हा शेठची हाक आली. आक्का हसत होती, तेवढं लांबूनही दिसत होतं.

स्टार्टर लागला. पुढचे आठवडे नाशिकला कांद्याचा ट्रक आणणारा एक ड्रायव्हर तिचे निरोप आणायचा. शेडच्या दारात उभा राहून, तिच्याच आवाजात. "आक्का म्हणते, आज पुन्हा पडला. आक्का म्हणते, नाशिकवाल्याला सांग, यानं बसायला पाट मागितला आहे." मी चिडायचो. बायको म्हणायची, "पडतोय ना? मग काळजी कसली?"

मार्च लागला, ऊन चढलं. एके दिवशी ड्रायव्हर म्हणाला, "आक्का म्हणते, आता सुधारला. आठवडा झाला, पडला नाही."

मी पेढे आणले. ड्रायव्हरला दिले, शेजारच्या शेडमध्ये दिले. बायकोने पेढा हातात घेतला आणि तोंडात घातलाच नाही.

"का नाही पडत?" ती म्हणाली.

"चांगला आहे म्हणून."

"चांगला आहे म्हणून तर पडायला पाहिजे. वीज तीच, मोटर तीच, ऊन वाढलंय. मग पडत का नाही?"

मी तिला म्हणालो की तुला माझं चांगलं बघवत नाही. पण दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देवळ्याच्या गाडीत होतो.

विहिरीवर गेलो तर भिंतीवर स्टार्टर दिसेना. तिथे एक गोणपाट लोंबत होतं, चिंब भिजलेलं, खालून पाणी ठिबकत होतं. गोणपाट बाजूला केलं तर आत माझी पेटी, थंडगार, माठासारखी. सील जिथल्या तिथे. पाचर नाही. खाली मोटर मात्र हंबरत होती आणि तिच्यातून गरम लाखेचा वास येत होता.

माझा आवाज असा चढला की आक्का पलीकडच्या बांधावरून धावत आली. "हे काय केलं? वीज आणि पाणी एकत्र? मरायचंय का? कोणी सांगितलं हे तुम्हाला?"

"तूच सांगितलं."

"मी?"

"तूच नही का म्हणाला, पट्टी तापते म्हणून पडतो? मग गार ठेवली." ती कमरेवर हात ठेवून उभी. "पाचर मारू नको म्हणाला, नही मारली. सील तोडू नको म्हणाला, नही तोडलं. आणखी काय पाहिजे तुले?"

मी तिला समजावत होतो. मोठ्याने समजावत होतो, हे कबूल. मी म्हणालो, पट्टी गार ठेवली तर तिला मोटरीचा ताप कळणार कसा? ती म्हणाली, मोटर तिची, ताप तिचा. मागून बायको सांगत होती, "अहो, आधी मेन बंद करा. अहो, आधी बंद करा, मग भांडा." तेवढ्यात मोटरीने घरघर केली, काळा धूर सोडला आणि गप्प झाली. मी ओरडत बसलो म्हणून मोटर जळली, असं बायको आजही म्हणते. मी ते मानत नाही. ती जळणारच होती.

कोणीतरी जाऊन शेठना घेऊन आलं. आल्या आल्या त्यांनी मोटर पाहिली, सील पाहिलं, पाचर नाही हे पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय साहेब? शब्द?"

भोवती आजूबाजूच्या शेतांतली बरीच माणसं जमली होती. क्षणभर मनात आलं की म्हणावं, गोणपाटाचं ठरलं नव्हतं. पण घासाघीस करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते. अट ठरवताना जे सुटलं ते आपलं सुटलं. त्या बाईने माझ्या दोन्ही अटी अक्षरशः पाळल्या होत्या. सौद्यात तिने मला हरवलं होतं आणि ते मला, खरं सांगतो, रागाच्या आतून कुठेतरी आवडलंही.

"शब्द म्हणजे शब्द," मी म्हणालो. "मोटर भरायला माझ्या खर्चाने पाठवा. आणि तुमची दुकानातली मोटर आणा."

शेठ चाचरले. "पण हे गोणपाट टाकून जळली... ते तर ठरलं नव्हतं."

"नव्हतं ना? मग आता तुम्ही का काढता?"

माणसं हसायला लागली. आक्काने शेठना विचारलं, "मोटर आणता, का मी दुकानात येऊन बसू?" संध्याकाळ व्हायच्या आत दुकानातली मोटर विहिरीवर बसली आणि पाणी सुरू झालं. जमलेल्या लोकांनी ते पाहिलं. स्टार्टर बनवणारा माणूस मोटरीचे पैसे भरतो, असं त्या बाजूला कोणी पाहिलं नव्हतं. त्या एका दुपारचा मला पुढे किती उपयोग झाला, ते शेठ कधी सांगत नाहीत.

पण खरी गोष्ट त्या मधल्या वेळात घडली, आणि ती माझ्या बायकोमुळे. मोटर बसवणं चाललं होतं तेव्हा तिने गोणपाट काढून टाकलं होतं. स्टार्टरची भिंत पश्चिमेकडची, ऊन सरळ पेटीवर. थोड्या वेळाने तिने पेटीला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. मला म्हणाली, "हात लावा." तव्यासारखी तापली होती.

"मोटर बंद आहे," ती म्हणाली. "करंट नाही. तरी ही एवढी तापली. म्हणजे आतली पट्टी आताच अर्धी वाकली असेल."

आमचं टेस्टिंगचं टेबल सातपूरच्या शेडमध्ये, सावलीत, पंख्याखाली. इथे पट्टीला दोन ताप होते, एक मोटरीचा आणि एक उन्हाचा, आणि तिला ते वेगळे ओळखता येत नव्हते. आक्काचं गोणपाट वेडेपणाचं होतं, पण तिची तक्रार वेडेपणाची नव्हती.

नाशिकला आल्यावर बायकोने एक स्टार्टर अंगणात उन्हात ठेवून करंट लावला आणि एक शेडमध्ये. उन्हातला तिची मेथी अर्धी व्हायच्या आत पडला. मग मी मानकाची पुस्तिका पुन्हा काढली. हवेच्या उष्णतेचा परिणाम भरून काढणाऱ्या रिलेबद्दल तिच्यात लिहिलेलं होतंच. आत आणखी एक पट्टी टाकायची, जिला करंट लागत नाही. ती फक्त हवेच्या तापाने वाकते आणि पहिल्या पट्टीला तेवढंच मागे ओढते. उन्हाचा ताप उन्हाने फिटतो. उरतो तो मोटरीचा. मुंबईच्या पट्टीवाल्याशी मी असा भाव केला की त्याने मला चहासुद्धा विचारला नाही. महिनाभर आम्ही नमुने केले, मोडले, पुन्हा केले. बायको एक स्टार्टर उन्हात, एक सावलीत आणि एक ओल्या गोणपाटात ठेवायची. शेवटी शेवटी तिन्ही एकाच भाजीत पडायला लागले.

मार्काच्या तपासणीला अधिकारी आले तेव्हा त्यांना टेबलाखाली मेथीच्या काड्या दिसल्या. "हे काय?" त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "दोन तास नुसतं बघत कोण बसणार, साहेब?" अधिकारी घड्याळ लावून बसले. दुसऱ्या तासाला तेही गवार मोडत होते. रिले त्यांच्या घड्याळाप्रमाणे पडला. मार्क मिळाला.

नवा स्टार्टर मी स्वतः आक्काकडे घेऊन गेलो. तिने विश्वास ठेवला नाही, आणि बरंच केलं. मी निघून गेल्यावर तिने एक दिवस ओलं गोणपाट टाकून पाहिलं, एक दिवस न टाकता. मग शेजारच्या दोघांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा तेच केलं. ड्रायव्हरबरोबर निरोप आला, "आक्का म्हणते, यानं गोणपाट मानलं नाही. गोणपाट गुरांना टाकलं." त्या आठवड्यात शेठनी ओट्यावरचा माल आत घेतला, त्याचे रिले बदलून मागितले आणि नव्याची मोठी ऑर्डर लिहून पाठवली. खाली एक ओळ होती, "मी म्हणत होतोच की उन्हाचं काहीतरी बघा." त्यांनी असं कधीही म्हटलं नव्हतं. ते ढिला करा म्हणत होते. ही ती घशात अडकलेली गोष्ट. चार माणसांसमोर सांगा की चाळीस, ती तशीच होती.

पुढच्या वर्षी कांदा काढणीला आला तेव्हा आक्काने आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. विहिरीजवळच्या सावलीत बसलो होतो. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, बुक्कीने फोडलेला नवा कांदा. शेठही आले होते. ते कुठून येतात कळत नाही, पण जेवायला असतातच. शेवटचं पाणी चाललं होतं. आमच्यापासून हाताच्या अंतरावर भिंतीवर माझा स्टार्टर, झाकण लावलेलं, बटणांवर हळदकुंकू.

भाकरीचा दुसरा घास घेतला आणि खट् आवाज झाला. मोटर थांबली. पाटातलं पाणी पुढे जाता जाता बारीक झालं.

शेठनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर ते जुनं हसू यायला लागलं. "पडला, साहेब," ते म्हणाले. शेजारच्या वाफ्यात काम करणाऱ्या गड्याने तिथूनच ओरडून विचारलं, "आक्का, बटण दाबू का? का पाचर आणू?"

"कशाला हात लावशील तर याद राख," आक्का बसल्या जागेवरून म्हणाली. तिने माझ्या बायकोच्या ताटात भरीत वाढलं, मग माझ्या. "लाइनीचं काहीतरी झालं असेल, नाहीतर पंपात कचरा गेला असेल. जेवून बघते. उगाच नही पडत तो."

शेठ काहीतरी बोलणार होते. तिने त्यांच्याही ताटात भाकरी टाकली आणि ते जेवायला लागले.